दाखल्यावरचा धर्म आणि मनातला धर्म

ज्येष्ठ वद्यात देहूहून निघालेली तुकोबांची पालखी पुणे मागे टाकून लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी असे मुक्काम करीत बारामतीस येते आणि तेथून सणसर, निमगाव केतकी या वाटेने इंदापुरात शिरते. त्या दिवसांत या दोन्ही तालुक्यांना दुसरे काही सुचत नाही. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला घोडा धावतो, गावोगावी भाकरीच्या चवडी रचल्या जातात. बारामती तर मोरोपंतांची. पन्हाळ्यास जन्मलेल्या त्या पंडितकवीने आपले सारे कर्तृत्व बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हेच्या काठी केले आणि १७९४ साली तेथेच देह ठेवला. भक्ती हा या भूमीचा केवळ पंथ नव्हे, ती येथली बोली आहे.

याच वाटेवर आणखी एका श्रद्धेची तीन ठिकाणे आहेत, आणि वारीच्या वर्णनात ती सहसा येत नाहीत. यवत-वरवंडच्या दरम्यान चौफुल्यापासून थोडे आत गेले की केडगाव लागते. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ति मिशन आहे. बारामतीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातील ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’ या पंथाच्या मिशनऱ्यांनी ठाणे मांडले. आणि इंदापूर हे त्याहून जुने ठिकाण. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडच्या फ्री चर्चने खेड्यांतील कामासाठी ते निवडले होते व रेव्हरंड नारायण शेषाद्री यांच्या नावाशी ते जोडले गेले. या तीन ठिकाणी ज्यांनी ख्रिस्ती श्रद्धा धरली त्यांची संख्या कधीच मोठी नव्हती. २०११ च्या जनगणनेत साऱ्या महाराष्ट्रातच ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शेकडा एकाहूनही किंचित कमी भरले. त्यांतही मुंबई-वसईचा भाग वगळला तर देशावरच्या खेड्यापाड्यांत उरतात ती विखुरलेली घरे. प्रश्न संख्येचा नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना न रुचणारी श्रद्धा माणूस पिढ्यान्‌पिढ्या कशी सांभाळतो, आणि ती सांभाळताना समाज व सरकार त्याच्याकडून कोणती किंमत वसूल करतात, हा प्रश्न आहे.

मराठीत या विषयावर बोलू गेले की शब्दच आडवे येतात. ‘बाटणे’ या क्रियापदात निवाडा आधीच देऊन टाकलेला आहे. धर्म बदलणाऱ्यास ‘बाटगा’ म्हणून हिणविण्याची सोय भाषेने केली. परंतु एकदा पत्करलेली श्रद्धा दुष्काळ, बहिष्कार आणि प्रलोभन या तिन्हींतून न सोडणाऱ्यास काय म्हणावे, यासाठी तिने शब्द घडविला नाही. वारकऱ्याच्या निष्ठेस आपण निष्ठा म्हणतो, आणि ख्रिस्ती माणसाच्या निष्ठेस, फार तर, हट्ट.

नारायण शेषाद्री यांची कथा १८४३ मध्ये मुंबईत सुरू होते. त्यापूर्वी चार वर्षे, १८३९ च्या मे महिन्यात, डॉ. जॉन विल्सन यांनी धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांस बाप्तिस्मा दिला तेव्हा शहरात प्रचंड खळबळ उडाली. प्रकरण कोर्टात गेले आणि विल्सन यांची शाळा जवळजवळ ओस पडली. त्या आठवणी ताज्या असतानाच निजामाच्या मुलखातून शिक्षणासाठी आलेल्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने रॉबर्ट नेस्बिट यांच्या हातून दीक्षा घेतली. तो सज्ञान होता. त्याला कोणी अडवू शकले नाही. परंतु त्याच्याबरोबर त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहावयास गेला होता, आणि त्याचे वय होते सुमारे १२ वर्षांचे. बापाने सुप्रीम कोर्टात धाव घेतली. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांनी मुलाला स्वतःचे हित ठरविण्याचे वय आलेले नाही असे मानून त्याला बापाच्या स्वाधीन केले.

येथवर निकाल कोणाही समंजस माणसास पटावा असाच होता. बारा वर्षांच्या मुलाच्या श्रद्धेचा निर्णय पाद्र्याने करू नये, हे म्हणण्यात धर्मद्वेष नाही. पण पुढे जे घडले ते अधिक बोलके आहे. श्रीपतने मिशनऱ्यांच्या घरी अन्न घेतले होते. त्याला परत जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला, प्रायश्चित्ताची तजवीज केली. आणि सनातन्यांनी रण माजविले. मुलगा परत यावा यासाठी जी जात कोर्टापर्यंत बापाच्या पाठीशी होती, तीच तो परत आल्यावर दार लावून बसली. जांभेकरांसारख्या शास्त्र जाणणाऱ्या, सरकारदरबारी मान असलेल्या पंडितालाही त्यापायी बहिष्काराच्या धमक्या सोसाव्या लागल्या. एका भावाने श्रद्धा बदलली आणि तो समाजाबाहेर गेला. दुसऱ्याने काहीच बदलले नाही, तरी तोही दारातच उभा राहिला. मराठी समाजातील पहिला मोठा शुद्धीचा वाद तो हाच. ‘ख्रिस्ती होऊ नका’ असे सांगणारा समाज ‘परत या’ असे म्हणण्यास किती नाखूश होता, ते या वादाने दाखवून दिले.

१८५० साली सरकारने कायदा करून धर्मांतर केल्यामुळे वारसाहक्क जाऊ नये अशी तरतूद केली. कागदावर ती मोठी होती. पण कायदा वडिलोपार्जित वाटणी देऊ शकतो. पंगतीतले पान, सोयरिकीचे बोलणे आणि आईने मारलेली हाक देऊ शकत नाही. त्या काळच्या सुशिक्षित ख्रिस्ती मराठी माणसांच्या चरित्रांत दुःखाची जागा तुरुंगात नसते, ती स्वतःच्या घराच्या ओसरीवर असते.

१८५४ मध्ये नारायण शेषाद्रींस पाळकपदाची दीक्षा मिळाली. मुंबईत राहून इंग्रजी शिकलेल्या वर्गात व्याख्याने देत, साहेबांच्या सहवासात त्यांना सुखाने आयुष्य काढता आले असते. ते गेले इंदापूरकडे, आणि पुढे जालन्याकडे. इंदापूर तालुका त्या वेळी अवर्षणाचा. नीरा डावा कालवा व्हायला अजून अवकाश होता. भीमेच्या काठची काही गावे सोडली तर बाकी सारे आभाळाकडे डोळे लावून बसलेले. तेथे त्यांचे म्हणणे ऐकून घेणारे श्रोते मिळाले ते बहुतांशी मांगवाड्यांत आणि महारवाड्यांत. ब्राह्मणाच्या घरात जन्मलेला, पागोटे घालणारा पाद्री मांगवाड्यात जाऊन बसतो, हे दृश्य गावास मिशनऱ्यांच्या साऱ्या पुस्तकांपेक्षा जास्त खटकले असले पाहिजे. गावची वेसच त्याने ओलांडली होती, आणि तीही खालच्या बाजूने.

मांगवाड्यातल्या माणसाने ख्रिस्ती होणे म्हणजे काय, हे आज शहरात बसून कळणे कठीण आहे. बलुतेदारीच्या व्यवस्थेत त्याची भाकरी गावाच्या हातात होती. दोर वळणे, केरसुण्या करणे, सणावारी आणि देवाच्या छबिन्यापुढे हलगी वाजविणे ही त्याची कामे, आणि त्या बदल्यात खळ्यावरचे धान्य. आता नवा पाद्री सांगतो, मूर्तीपुढे वाजवू नकोस. नाही वाजविले तर सुगीला खळ्यावरून रिकाम्या हाताने परतावे लागणार; वाजविले तर मंडळीतून नाव कमी होणार. ब्राह्मण धर्मांतरिताची परीक्षा एकदाच झाली, मोठी झाली आणि इतिहासात नोंदली गेली. मांग ख्रिस्त्याची परीक्षा दर पोळ्याला आणि दर दसऱ्याला होत राहिली. तिची नोंद कोणी ठेवली नाही.

शेषाद्रींनी यावर जो तोडगा काढला तो जालन्याजवळ ‘बेथेल’ नावाचे ख्रिस्त्यांचे स्वतंत्र गाव वसविण्याचा. निजाम सरकारकडून त्यासाठी जमीन मिळाली. शेती आली, कारागिरी आली, गावगाड्याचा जाच टळला. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस ते भारतीय पोशाखात उपस्थित राहिले आणि त्यांच्या भाषणाने तेथील श्रोते भारावून गेले. बेथेलचे कौतुक परदेशांत पुष्कळ झाले. १८९१ मध्ये परदेशच्या प्रवासात समुद्रावरच त्यांचे निधन झाले.

बेथेलसारख्या योजनेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. स्वतंत्र गावात श्रद्धा सुरक्षित राहते, परंतु ती शेजाऱ्यांना दिसेनाशी होते. मिशनचे कंपाउंड, मिशनची शाळा, मिशनची नोकरी या तीन भिंतींच्या आत वाढलेल्या समाजाला बाहेरच्यांनी ‘साहेबाचा धर्म’ म्हणावे यात नवल नव्हते. खेड्यातच राहिलेल्या, मिशनचा पगार न खाता हलगी खुंटीला टांगून ठेवलेल्या माणसाची श्रद्धा अधिक खडतर होती, आणि म्हणूनच अधिक विश्वासार्हही.

‘पोटासाठी धर्म सोडला’ हा आरोप याच ठिकाणी येतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात आणि त्यानंतर दख्खनच्या मिशनांत बाप्तिस्म्यांची संख्या वाढली, हे खरे. धान्य जेथे मिळते तेथे माणूस जातो. पुष्कळ मिशनऱ्यांनाही या गर्दीविषयी शंका होती. परंतु हा आरोप करणाऱ्या गावाने त्या वर्षांत मांगवाड्यास काय दिले होते, हेही विचारावे लागते. शिवाय भाकरीसाठी धरलेला धर्म भाकरी संपली की सुटावयास हवा. तसा तो काहींचा सुटलाही. ज्यांचा सुटला नाही त्यांच्याविषयी बोलताना तरी दुष्काळाचे कारण पुरे पडत नाही.

भाकरीच्या आरोपातून ज्यांना कोणी धरू शकत नव्हते अशी या परिसरातली व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. संस्कृतातील विद्वत्तेने कलकत्त्याच्या पंडितांना थक्क केलेल्या या विदुषीने २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्राला तो मानभंग वाटला. तिच्या बाजूने ठामपणे उभे राहिले ते महात्मा फुले. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंच्या धर्मांतराचे समर्थन केले. विशेष हे की पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले फुले स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत. आपल्याला न पटलेला मार्ग दुसऱ्याने निवडला तर तो निवडण्याचा त्याचा अधिकार जपावा, ही वृत्ती त्या काळी विरळा होती. आजही ती मुबलक आहे असे म्हणवत नाही.

११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार होती. संस्थेत धर्मोपदेश होणार नाही, असा करार होता. १८९३ मध्ये वादळ उठले. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत, खोलीचे दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन आत येऊन बसत. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, सल्लागारांनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकारांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. ज्या वयाच्या आणि ज्या परिस्थितीतल्या मुली तेथे होत्या त्यांच्यावर चालिकेच्या उघड्या दाराचाही परिणाम होतो. श्रीपतच्या खटल्यातला प्रश्न वेगळ्या रूपाने येथे पुन्हा उभा राहिला होता. परंतु रमाबाईंचे उत्तरही तितकेच सरळ होते. मुलींना आपल्या घरच्या देवाची पूजा करण्यास त्यांनी मनाई केली नव्हती. स्वतःच्या प्रार्थनेसाठी मात्र स्वतःच्या खोलीचे दार लावून घेण्यास त्या तयार नव्हत्या. सबंध वादाचा गाभा त्या एका दारात आहे. अप्रिय श्रद्धेला समाज बहुधा नाहीशी हो असे सांगत नाही. तो सांगतो, दार लावून घे.

रमाबाईंविषयी दुसरी गोष्ट मराठी वाचकांस कमी ठाऊक असते. ज्या चर्चने त्यांना दीक्षा दिली त्या चर्चशीही त्यांचे पटले नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी त्रैक्याच्या सिद्धान्तासंबंधी शंका विचारल्या. एका माणसाचे ओझे उतरवून दुसऱ्याचे अंगावर घेण्यासाठी आपण धर्म बदललेला नाही, अशी त्यांची भूमिका होती. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन शब्द कशासाठी, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. मांसाहार त्यांनी स्वीकारला नाही. म्हणजे पुण्यात त्या ‘बाटलेल्या’ आणि इंग्लंडमध्ये ‘उद्धट’ ठरल्या. दोन्हीकडून बोल खाऊन त्यांनी केडगावच्या माळावर मुक्ती उभारली, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुली-स्त्रिया आणल्या आणि उत्तरायुष्यात हिब्रू व ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबल भाषांतरित केले. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या स्त्रियाच होत्या. १९२१ च्या जुलैत कन्या मनोरमा गेली, १९२२ च्या ५ एप्रिलला रमाबाई गेल्या. ते बायबल त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले.

नारायण वामन टिळकांचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे, म्हणून त्याचा विस्तार नको. १० फेब्रुवारी १८९५ च्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाईंशी पडलेले सुमारे पाच वर्षांचे अंतर ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. येथे महत्त्वाचे एवढेच की तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे टिळक मानीत, आणि अखेरीस १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडताना त्यांनी बाप्तिस्मा झालेल्या न झालेल्या दोघांसही त्यात जागा ठेवली. पालखीच्या वाटेवर ख्रिस्ती श्रद्धा परकी दिसते ती बाहेरून. आतून तिला अभंगाची चाल सापडली होती.

बारामतीचा अध्याय मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे. ऑस्ट्रेलियन मिशनच्या स्ट्रटन दांपत्याने तेथे काम चालविले, आणि सरकारने ‘गुन्हेगार जमाती’ ठरविलेल्या लोकांची बारामती येथील वसाहत या मिशनच्या देखरेखीखाली दिली. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा. १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यास लागू झाला. जन्मानेच गुन्हेगार ठरलेल्या माणसांनी ठराविक वेळी हजेरी द्यावयाची, परवानगीवाचून हद्द ओलांडावयाची नाही, असा तो कारभार. त्या वसाहतीत शाळा होती, काम होते आणि प्रार्थनाही होती. ज्याच्या हाती हजेरीचे पुस्तक आहे त्याच्याच हाती बायबल असेल तर ऐकणाऱ्याच्या ‘आमेन’चे मोल कसे करावे? मिशनऱ्यांच्या करुणेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पोलिसांच्या लाठीपेक्षा शाळामास्तरांची छडी केव्हाही बरी. पण श्रद्धेला सत्तेचा टेकू मिळाला की ती खरी की सोयीची, हे खुद्द श्रद्धावानालाही सांगता येत नाही. ख्रिस्ती धर्म या देशात सत्ताधाऱ्यांचा धर्म म्हणून लोकप्रिय नव्हता हे खरे, परंतु सत्तेच्या सावलीत तो होता हेही तितकेच खरे. आणि ती सावली काढून घेतल्यावाचून त्याची पारख होणार नव्हती.

ती सावली स्वातंत्र्यानंतर गेली. मुंबई राज्याने १९४९ मध्ये व केंद्राने १९५२ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द केला. परदेशी मिशनरी क्रमाने परतले. त्याच सुमारास गावगाडाही ढिला झाला. कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, वालचंदनगर, भवानीनगर, माळेगाव येथे कारखाने उभे राहिले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली. कारखान्याच्या हजेरीपटावर ज्याची मजुरी लागते त्याला खळ्यावरच्या धान्याची भीती नसते. हलगीचा पेच असा अर्थव्यवस्थेने सोडविला. आता तरी प्रत्येकाची श्रद्धा ही त्याची त्याची बाब झाली, असे म्हणता आले असते.

परंतु तेवढ्यात दुसरा पेच आला, आणि तो कोणा धर्ममार्तंडाने नव्हे, प्रजासत्ताकाने घातला. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही असे ठरविले. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या सूसाई खटल्यात हा आदेश उचलून धरला. २००७ मध्ये न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने तो परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. दरम्यान २०१५ मध्ये न्यायालयाने म्हटले की धर्मांतरिताचा वंशज मूळ धर्मात परतला आणि जातीने त्याला स्वीकारले तर त्याची जात पुन्हा जिवंत होऊ शकते. आणि २०२४ च्या नोव्हेंबरात, ख्रिस्ती आचार पाळणाऱ्या स्त्रीने नोकरीसाठी हिंदू असल्याचे सांगणे ही राज्यघटनेशी प्रतारणा होय, असा निर्वाळा दिला. परत जाणाऱ्यासाठी दार आहे. श्रद्धा न सोडता जातीचे दुःख भोगणाऱ्यासाठी ते नाही.

या व्यवस्थेच्या बाजूने युक्तिवाद नाही असे नव्हे. ख्रिस्ती धर्म जात मानीत नाही, मग ख्रिस्त्याला जातीची सवलत कशी, असे विचारले जाते; आणि ज्यांना सवलत आहे त्यांच्या वाट्यात भागीदार वाढतील ही भीतीही निराधार नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चर्चच्या आतच आहे, आणि ते चर्चला भूषणावह नाही. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यात सोयरीक होण्यास कित्येक पिढ्या लागल्या. उच्चवर्णीय धर्मांतरितांनी तर स्वतःभोवती वेगळी ओळ आखून घेतली. तत्त्वाने जात नाकारली तरी वस्तीने ती नाकारली नाही, आणि गावाने तर मुळीच नाही. मांगवाड्यातील ख्रिस्त्याला चहाच्या दुकानात कप वेगळा मिळाला तो त्याचा बाप्तिस्मा विचारून नव्हे.

याचा परिणाम कोणत्याही शाळेच्या कचेरीत पाहावा. पहिलीत नाव घालण्यासाठी बाप मुलाला घेऊन आला आहे. लेखनिक विचारतो, ‘धर्म कोणता लिहायचा?’ प्रश्न साधा आहे. रोज शंभर वेळा विचारला जातो. परंतु या बापासाठी त्या एका रकान्यात मुलाची शिष्यवृत्ती, वसतिगृह, पुढची नोकरी आणि कदाचित ग्रामपंचायतीतील राखीव जागा एका बाजूला आहे, आणि आजीने दुष्काळात धरलेले नाव दुसऱ्या बाजूला. थोरल्याच्या दाखल्यावर ‘हिंदू मांग’ आणि धाकट्याच्या दाखल्यावर ‘ख्रिश्चन’, अशी घरे देशावर विरळा नाहीत. थोरल्याला वसतिगृह मिळाले, धाकट्याला नाही. रविवारी दोघेही एकाच बाकावर बसतात. यांतला लबाड कोण आणि निष्ठावान कोण, हे जात पडताळणी समिती कागद पाहून ठरवू शकेल. शेजारी ठरवू शकणार नाहीत, आणि मंडळीच्या पाळकालाही ते ठरविणे जड जाते. कारण त्याने ‘ख्रिश्चन’ लिहा असे सांगितले तर पोराची फी तो भरणार नसतो, आणि ‘हिंदू’ लिहा असे सांगितले तर पुढच्या रविवारी उपदेशाला उभे राहताना त्याचीच जीभ अडखळते.

रमाबाईंना दार लावून घेण्यास सांगणारे लोक नाव घेऊन, वर्तमानपत्रांतून, उघडपणे बोलत होते. त्यांना उत्तर देता आले. आताचा रकाना बोलत नाही. लेखनिक टाक उचलून थांबलेला असतो, मागे रांग असते, मास्तर हाक मारीत असतात, आणि मुलगा बापाच्या तोंडाकडे पाहत असतो.